दिघेबाईंचा दिवा

दिघेबाईंच्या आधी त्यांचा उजेड यायचा. पहाटे सोसायटीच्या फाटकापाशी पांढराशुभ्र झोत पडला की कुत्री उठून बाजूला व्हायची. रखवालदार जयंतीभाई डोळ्यांवर आडवा हात धरून ओरडायचा, "बेन, आ लाइट छे के सूरज?" मग त्या झोतामागून पासष्टी उलटलेल्या दिघेबाई धावत यायच्या. कपाळावर दिवा, कमरेला जुन्या परकराची शिवलेली पिशवी, पिशवीत बॅटरी. दिवा त्यांनी स्वतः घरी बनवलेला असे.

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की आजीच्या पुस्तकांच्या कपाटावर ते काळं डबडं कसलं आहे. तो त्यांचा शेवटचा दिवा. दिघेबाईंना तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

बडोद्याच्या सयाजीगंजातल्या एका शाळेत आम्ही दोघी शिकवत होतो, मी इंग्रजी, त्या पदार्थविज्ञान. निवृत्तीनंतर मांजलपूरच्या याच सोसायटीत आलो. त्या तळमजल्यावर, एकट्या. शेजार झाला तरी आमचं शाळेतलं 'अहो बाई' काही सुटलं नाही. निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी जाड टायरची, डोंगरात चालवायची सायकल आणली. त्यांच्या वहिनींनी नाक मुरडलं, "या वयात?" बाई म्हणाल्या, "या वयातच. आधी शाळा होती." मग रोज पहाटे धावणं आणि रविवारी पावागढच्या पायथ्याच्या दगडी पायवाटा. बरोबरची तरुण मंडळी त्यांना 'मॅडम' म्हणायची आणि उतारावर त्यांच्या मागे राहायची, कारण पुढे जाता येत नसे. बडोद्यात उन्हं चढली की हे काही शक्य नाही, म्हणून सगळा कारभार अंधारातला.

आणि नेमका अंधारच हातातून गेला. पायऱ्या चुकायला लागल्या, म्हणून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: डोळ्यांचा पडदा झिजतो आहे. आधी अंधारात दिसेनासं होईल, मग बाजूचं, शेवटी समोरचंही. उपाय नाही. आम्ही रिक्षाने परत निघालो. मांजलपूर आल्यावर बाई म्हणाल्या, "अंधारात दिसणार नाही म्हणाले ना? मग अंधार ठेवायचाच नाही."

त्यांच्या आईला हेच झालं होतं. तेव्हा आजाराचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, घरात तिला वेंधळी म्हणायचे. "शेवटी आई भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जायची आणि भिंत धरून परत यायची. तेवढंच तिचं जग," त्या म्हणाल्या. "मी भिंत धरणार नाही, बाई."

बाजारातले दिवे त्यांना मिणमिणते वाटायचे. मग स्वयंपाकाच्या ओट्यावर काम सुरू झालं. मुगाच्या डाळीएवढा पिवळा ठिपका, तो एलईडी. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढून जोडलेले. शुक्रवारच्या बाजारातून आणलेला, कंगव्यासारखे दात असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा, कोणत्या तरी जुन्या कॉम्प्युटरमधला. हा ठोकळा कशाला, असं मी विचारलं तर मला अकरावीच्या वर्गासारखं समजावलं: "प्रकाश पाडणं सोपं आहे. पण उष्णतेला बाहेर जायला वाट ठेवली नाही, तर दिवा आतल्या आत जळतो." सायकलच्या हँडलवर रुंद झोताचा दिवा, कपाळावर लांब झोताचा. डाळ फोडणीला टाकून त्या सोल्डरिंग करायच्या आणि दोन्हींतलं एक नक्की करपायचं.

त्यांचा एक नियम होता. शाळेत तो मुलांच्या कानीकपाळी ओरडायच्या, आता मला ऐकवायच्या. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच ठेवायचं. नाहीतर फरक कशामुळे पडला, कळणार कसं?" त्याप्रमाणे त्यांनी आधी भिंग बदललं. मग सेल वाढवले. मग एकाच्या जागी तीन एलईडी बसवले. दर वेळी चार पहाटा बऱ्या जायच्या, की पुन्हा कुठेतरी पाय अडखळायचा आणि त्या म्हणायच्या, "झोत अजून कमी पडतोय."

एका रविवारी त्या सायकलसकट गाईवर आदळल्या. गाय फाटकाबाहेरच रस्त्याच्या कडेला निवांत उभी होती. हाताला प्लास्टर घालून घेताना मला म्हणाल्या, "काळी गाय होती हो. काळा रंग सगळा उजेड गिळतो." दुपारी फाटकाशी जयंतीभाईने मला थांबवलं. हलक्या आवाजात म्हणाला, "बेन, गाय तो धोळी हती." गाय पांढरी होती. हे मी बाईंना सांगितलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर त्यांनी हा शेवटचा दिवा केला. खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपाचा तुकडा कापून आणला, त्याला काळा रंग दिला, आत चार एलईडी बसवले. एका पहाटे माझी बेल वाजवली. "चला बाई, मोजायचंय."

सोसायटीच्या मागच्या कंपाउंडच्या भिंतीला मला पाठ लावून उभं केलं. त्या समोर, सायकल धरून, दिवा हँडलवर. दिवा लागला आणि मला भिंतीचा एकेक पोपडा, पायाजवळची मुंग्यांची रांगसुद्धा दिसली. अख्खी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळली होती.

"आता बाजूला सरकत जा. झोताच्या बाहेर गेलात की मी सांगते."

मी दोन पावलं सरकले.

"बस. बाहेर गेलात. या आत."

"मी उजेडातच आहे, बाई."

"अहो, कसं शक्य आहे? आवाज येतोय, तुम्ही कुठे दिसताय?" त्या जरा चिडूनच म्हणाल्या.

"इथेच. जागेवरच आहे."

त्या थांबल्या. मग वर्गातल्या आवाजात विचारलं, "भिंतीवर तुमची सावली पडली आहे?"

मी वळून पाहिलं. "पडली आहे."

"कडा कशा आहेत? पुसट की स्पष्ट?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण त्यांच्या प्रयोगात खोटं चालत नसे. "स्पष्ट आहेत."

त्यांनी सायकल कमरेला टेकवली. मग दिव्याच्या पाठीवर हात ठेवून पाहिला. "तापलासुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "मग दिवा बरोबर आहे."

आणि त्यांनी तो बंद केला. मागच्या भिंतीपासून घरापर्यंत त्यांनी माझा हात धरला होता. यापूर्वी कधी धरला नव्हता.

इतके दिवस त्यांनी बाकी सगळं तसंच ठेवून एकेक गोष्ट बदलली होती. पण जे तसंच आहे असं त्या धरून चालल्या होत्या, ते त्यांचे डोळे, आपोआप बदलत होते. हे त्यांना त्या पहाटे कळलं, की रिक्षातच कळलं होतं, मला आजही सांगता येत नाही.

सायकल त्यांनी पावागढच्या मंडळींना देऊन टाकली. पावसाळ्यानंतर भाचा येऊन त्यांना इंदूरला घेऊन गेला. निघताना दिवा माझ्या हातात दिला. "सेल रिकामा ठेवू नका. महिन्यातून एकदा चार्ज करा, नाहीतर मरतो."

मी महिन्याच्या पहिल्या तारखेला चार्ज करते. मग त्यांचा फोन येतो. भाचा चांगला आहे, भाचेसून प्रेमळ आहे, पण त्याबद्दल त्या फारसं सांगत नाहीत. एकदाच म्हणाल्या, इथल्या भिंती गुळगुळीत आहेत, हाताला बऱ्या वाटतात.

"लावून पाहिलात?" त्या विचारतात.

मी दिवा लावते, समोर हात धरते, भिंतीकडे बघते.

"सावलीच्या कडा?"

"स्पष्ट आहेत, बाई."

"मग दिवा बरोबर आहे," त्या म्हणतात आणि फोन ठेवतात.