उलटं कर बघू

"उलटं कर बघू," असं मावशी म्हणायच्या, आणि आपण काही करायच्या आत त्यांनी आपल्या कुर्त्याचं नाहीतर शर्टाचं खालचं टोक पकडून उलटं केलेलंही असायचं. मग चष्मा कपाळावर सरकवायचा, आतल्या शिवणीवरून उजव्या हाताचा अंगठा फिरवायचा आणि "हं" करायचं. त्या "हं"चे तीन-चार प्रकार होते. त्यातला एकही कौतुकाचा नव्हता.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. कोणी पालेभाजीची जुडी उलटी करून देठ बघतं, कोणी दुसऱ्याच्या घरी जेवायला गेलं तरी ताटाची मागची बाजू बघतं. मावशींचा सगळा जीव शिवणीत. आमच्या मोशीच्या सोसायटीत एकदा मतं मागायला एक उमेदवार आला. मागे वीस-पंचवीस माणसं, अंगात कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र झब्बा. तो नमस्काराला वाकला आणि मावशींनी त्याचा झब्बा उलटा केला. "दोरं लोंबत्यात की भाऊ तुमचं," म्हणाल्या, आणि गळ्यात नाडीला बांधलेली बारकी कात्री काढून तिथल्या तिथे सगळे दोरे कापून दिले. तो बिचारा हात जोडून तसाच उभा. निवडून आला की पडला ते मला आठवत नाही, पण आमच्या दारातून जाताना नीटनेटका होऊन गेला एवढं खरं.

मावशी तळमजल्यावर एकट्या राहायच्या. बावीस वर्षं त्यांनी चाकणला एका कारखान्यात मोटारींच्या सीटची कव्हरं शिवली होती. त्यामुळे घरात शिवलेलं सगळं त्याच ताकदीचं. मला त्यांनी एक उशीची खोळ दिली होती. आतल्या उश्या दोनदा बदलून झाल्या, खोळ अजून टकटकीत आहे.

आमची ओळख झाली ती माझ्या पार्सलांमुळे. मी दिवसभर हिंजवडीला ऑफिसात, नवरा चाकणला कंपनीत. कुरिअरवाला पार्सलं तळमजल्यावर मावशींकडे ठेवून जायचा. मी संध्याकाळी कॅबमधून उतरायचे, वाकडपासून ट्रॅफिकमध्ये दीड तास बसून डोकं उठलेलं, आणि मावशी दारात उभ्या: "आज तीन हायत." दुसऱ्या दिवशी "दोन." सेल लागला की "येऊन बघ बाई, मला आत जायला वाट न्हाई." एका शुक्रवारी पाच आली. मावशींनी ती एकावर एक माझ्या हातात रचली, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि अगदी काळजीने विचारलं, "तुला अंगं किती हायत?"

मी हसले. घरी गेल्यावर कपाट उघडलं तर वरून एक ओढणी, दोन टॉप आणि एक टॅग न काढलेला कुर्ता डोक्यावर पडला. मग नाही हसले.

मावशींचे वडील लहान होते तेव्हा मोठी लढाई चालू होती आणि कापड कंट्रोलने मिळायचं. माणशी ठरलेले वार, चिठ्ठी दाखवायची, रांगेत उभं राहायचं. एका धोतरातून आजी तीन पोरांच्या बंड्या काढायची, हे मावशींनी वडिलांकडून शंभरदा ऐकलेलं. "लढाई संपली तशी लोकं म्हनली सुटलो. आता बघा, कापडाखाली गुदमरायला लागलो," त्या म्हणायच्या. तर त्यांनी आम्हा पाच-सहा जणींना गोळा केलं आणि कंट्रोल पुन्हा सुरू केला.

कारखान्यातले जुने जाड पुठ्ठे त्यांच्याकडे होते. त्यावर पट्टीने आठ चौकोन आखले, वर आमची नावं लिहिली. वर्षाला आठ चौकोन. विकतचा कुर्ता एक, जीन्स एक, साडी दोन. घरच्या जुन्या कपड्यातून शिवलं तर काहीच नाही. विकत घेतलं की खाली यायचं आणि मावशी लोखंडी पंचने चौकोनात भोक पाडणार. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी भीत भीत विचारलं, आतल्या कपड्यांचं काय? "त्याला कंट्रोल न्हाई. तेवढी अब्रू राखा," मावशी म्हणाल्या. त्यांचं स्वतःचं कार्ड आमच्या कार्डांबरोबर भिंतीला, बुद्धांच्या तसबिरीखाली टांगलेलं असायचं. त्यात वर्षभरात दोनच भोकं, जयंतीच्या पांढऱ्या साडीची.

रविवारी दुपारी शिकवणी. आधी धावदोरा, मग मशीनवर सरळ टीप, मग काखेची गोलाई. चूक झाली की उसवायचं. मी इंजिनिअर बाई, ऑफिसात दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. मला सरळ रेघेत टीप मारता येईना! "अगं, गाडी चालवतीस न्हवं? मग रस्ता सोडून शेतात कुटं चाललीस?" असं मावशी म्हणायच्या आणि कात्री पुढे करायच्या. मी उसवायचे. खरं सांगते, उसवून उसवून माझं डोकं जितकं शांत झालं तितकं ऑफिसातल्या योगाच्या वर्गात कधी झालं नाही. एक बाही लावायला किती वेळ लागतो हे कळल्यावर दोनशे रुपयांचा टॉप बघून मला पहिल्यांदा वाटलं, हा कोणी शिवला असेल, आणि तिला काय मिळालं असेल?

माझ्याच एका जुन्या सुती साडीचा कुर्ता त्यांनी मला बेतून दिला. निळी साडी, बारीक पांढरी फुलं. शिवायचा मी.

अशाच एका रविवारी वहिनींनी विचारलं, "मावशी, सारखं आतून काय बघता हो?" तेव्हा त्यांनी दोऱ्याची गोष्ट सांगितली. गाडीच्या सीटच्या कडेला आत एक फुगा घडी करून ठेवलेला असतो. धडक बसली की तो फुगून माणसाला वाचवतो. पण त्यासाठी कडेची शिवण फाटली पाहिजे. म्हणून तेवढ्या शिवणीला मुद्दाम नाजूक दोरा. बाकी सगळीकडे जाड. मावशींकडे तेच मशीन होतं, भरवशाच्या बाईलाच मिळायचं. एकदा शिफ्ट संपवून त्या कंपनीच्या बसमध्ये बसल्या, एप्रनच्या खिशात हात घातला, तर नाजूक दोऱ्याची बॉबिन खिशातच.

"म्हणजे मशीनमध्ये?" मी विचारलं.

"जाड दोरा. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळी कव्हरं जाड दोऱ्यानं मारली व्हती."

मावशी तिथेच रस्त्यात बसमधून उतरल्या, सहा आसनी रिक्षा पकडून परत गेल्या आणि सुपरवायझरला सांगितलं. अख्ख्या दुपारचं काम उसवावं लागलं. त्यांचं मशीन गेलं. पुढची दोन वर्षं त्यांना फक्त लोंबणारे दोरे कापायला बसवलं. गळ्यातली कात्री त्या दिवसांतली.

"नसतं सांगितलं तर कळलं असतं कोणाला?"

"कुनाला कळतंय? दोनी दोरं काळंच. वरनं सारखंच दिसतंय."

"मग?"

"मला कळलं व्हतं की," मावशी म्हणाल्या, आणि वहिनींच्या ब्लाउजकडे वळल्या.

ही गोष्ट मी माझ्या कानांनी ऐकलेली. तरी मी जे केलं ते केलं.

वर्ष संपत आलं. ठरलं असं, की शेवटच्या रविवारी सगळ्यांनी स्वतः शिवलेलं घालून सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचं, चहा-भजी करायची. माझं कार्ड दिवाळीतच भरलं होतं, आठच्या आठ भोकं. आणि निळा कुर्ता एका बाहीवर अडकून पिशवीत पडला होता. ऑफिसात रात्रंदिवस काम निघालं होतं, हे खरं. पण वहिनींनाही दोन मुलं आणि सासूबाई होत्या आणि त्यांचं शिवून झालं होतं, हेही खरं. शनिवारी मी वाकडच्या मॉलमध्ये गेले. हातमागाचा, घरी शिवल्यासारखा दिसणारा साधा कुर्ता शोधला. घरी येऊन नेलकटरने आतलं लेबल काढलं. नवरा बघत होता. "राव, ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका पकडतेस तू," एवढंच म्हणाला. मी त्याच्यावरच डाफरले.

रविवारी सगळ्या माझ्याभोवती जमल्या. काय सफाई, काय गळा! मीही निर्लज्जासारखी सांगत बसले की गळ्याने फार छळलं. मावशी एकेकीचं टोक उलटं करत येत होत्या. तेव्हा काचबिंदूने त्यांची नजर बरीच गेली होती, अंगठ्यानेच बघायच्या. वहिनींचा ब्लाउज चाचपून म्हणाल्या, "माया कमी सोडलीस. आता लाडू बंद." आतली जादा पट्टी म्हणजे माया, ती नसली की पुढे कपडा सैल करता येत नाही. सगळ्या हसल्या. मग मावशी माझ्यापुढे आल्या. हात आला, अंगठा कापडाला लागला. आणि त्यांनी हात मागे घेतला.

"छान हाय," म्हणाल्या.

मावशी कधीही कोणालाही छान म्हणायच्या नाहीत. माझ्या हातातलं भजं तसंच राहिलं.

मी स्वतःची समजूत घातली की नजर अधू झालीय, म्हातारं माणूस, दमल्या असतील. पण पुढचे चार महिने मावशींनी माझ्या कपड्याला हात लावला नाही. बोलायच्या, चहा द्यायच्या, पार्सल आलं तर (आता महिन्याला एखादं) हातात ठेवायच्या. सगळं पहिल्यासारखं. फक्त "उलटं कर बघू" नाही. एकदा लिफ्टमध्ये माझ्यादेखत त्यांनी माझ्या नवऱ्याच्या शर्टाचं टोक उलटं केलं, "हं" केलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, आज लवकर आलीस? मला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. तोंड उघडून सांगायला एक वाक्य पुरलं असतं. रोज ठरवायचे, आणि रोज त्यांच्या दारावरून पुढे जायचे.

मग एक दिवस वहिनींनी सांगितलं, मावशींची मुलगी त्यांना नाशिकला घेऊन चाललीय. कायमची. एकटीने राहण्याइतकी नजर उरली नव्हती. पुढच्या रविवारी सकाळी निघणार.

मी निळ्या कुर्त्याची पिशवी काढली. आठ दिवस वहिनींच्या मशीनवर बसले, ऑफिसातून आल्यावर, सकाळी निघण्याआधी. दुसरी बाही पहिल्यांदा उलटी लागली. उसवली. दुसऱ्यांदा मागची पुढे लागली. उसवली. घेराची टीप एका जागी घसरली, ती उसवायला वेळच उरला नाही. रविवारी सकाळी तोच कुर्ता घातला, भिंतीवरचं माझं कार्ड आदल्या दिवशीच मागून आणलं होतं ते घेतलं आणि खाली पळाले.

सामान टेम्पोतून आधीच गेलं होतं. मावशी मुलीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्या होत्या. शिवणयंत्राचं डोकं टेम्पोवाल्यावर विश्वास नाही म्हणून पायाशी. पट्टा लावलेला, आणि अंगठा सीटच्या कडेच्या शिवणीवरून वर-खाली फिरत होता. मी काचेशी वाकले.

"मावशी, त्या दिवशीचा कुर्ता विकतचा होता."

"ठावं हाय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? चार महिने माझा जीव टांगणीला लागलाय."

"मी काय बोलायचं त्यात?" मावशी म्हणाल्या. "मला बसमधनं कुनी उतरवलं नव्हतं. माझी मीच उतरले."

मी कार्ड पुढे केलं. त्यांनी पर्समधून पंच काढला, चौकोन चाचपले, आठही भरलेले. "जागाच न्हाई की गं," म्हणाल्या, आणि कार्डाच्या कोऱ्या कडेला एक भोक पाडून दिलं. मुलीने गाडी सुरू केली. मी म्हणाले, "मावशी, तुमचे उपकार..."

मावशींनी खिडकीतून हात बाहेर काढला, कुर्त्याचं टोक पकडलं आणि उलटं केलं. अंगठा घेरावरून सरकत गेला आणि घसरलेल्या टिपेवर थांबला.

"वाकडी हाय."

"हो."

"तुझीच हाय," मावशी म्हणाल्या, आणि तिथला एक लोंबता दोरा न बघता, न चुकता, गळ्यातल्या कात्रीने कापला.

गाडी गेटबाहेर पडून नाशिक हायवेला लागली. मी तिथेच उभी होते. वॉचमन म्हणाला, "मॅडम, कुर्ता उलटा झालाय खाली." मी म्हटलं, राहू दे.