विहीणबाईंपासून लपवलेलं पन्हं

आत्या “बरं बाई” म्हणाल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला वाटलं, पटलं त्यांना. त्यांना फक्त मी गप्प बसायला हवी होती.

मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते. छापते, धाराशिवच्या बसस्टँडवर वाटते, आणि लोक त्यात भजी गुंडाळतात. बाटलीबंद थंड्याच्या विरोधात तर मी इतकं लिहिलंय की आता झोपेतही यमकं सुचतात. शेवटी ठरवलं, लिहिणं बास, एक लग्न तरी थंड्याशिवाय करून दाखवू. आत्यांच्या मुलीचं लग्न तामलवाडीला होतं. ऐन मे महिना, दारापुढंच मांडव, आणि नवऱ्याकडची मंडळी धाराशिवची नोकरदार. मी म्हणलं, पाहुण्यांना थंडा द्यायचा नाही, कैरीचं पन्हं द्यायचं. बांधावरचं झाड कैऱ्यांनी वाकलंय, गूळ घरात आहे. आपण कैऱ्या शेळ्यांपुढं टाकतो आणि रंगीत पाणी विकत आणतो, ही कुठली अक्कल?

“घरचं घरच्यांना,” आत्या म्हणाल्या. “पाहुण्यापुढं इकतचं ठेवावं लागतं. येवढी शिकलीस, आन् येवढं कळंना व्हय?”

हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा. पाहुणा जितका मानाचा, तितकी वस्तू दुकानातली. बिस्किटाचा पुडासुद्धा त्याच्यासमोर फोडतात, म्हणजे त्याला दिसावं की विकत आणलंय. घरची दशमी कितीही मऊ असू दे, ती फडक्यात झाकलेलीच राहते. मला याची चीड येते. का लाजायचं? कुणाला लाजायचं?

“पोरीला त्या घरात जल्म काढायचाय,” आत्या म्हणाल्या. “तिची सासू माझं नाव कसं घेईल, ते त्या एका दिवशी ठरतं. तुझं काय जातंय?” आणि मग, मी ऐकेना म्हणून, ते “बरं बाई”.

गर मात्र त्यांनीच केला. मी आपली नुसती भोवती घुटमळत. चुलीच्या निखाऱ्यात कैऱ्या भाजल्या, साली काढल्या, गर कोळून, धुतलेल्या पातळाच्या फडक्यातून गाळला. गूळ वेगळा विरघळवून गाळला, कारण त्यात उसाची चिपाडं निघतात. मग दोन्ही मोठ्या स्टीलच्या पातेल्यात आटवत बसल्या, पळीवरून जड पडेपर्यंत. वेलदोडा, मीठ, भाजलेलं जिरं. असा गर केला की घाई नसते. ग्लासात पळीभर घालायचा, वर माठाचं पाणी. बोटावर घेऊन चाखताना आत्या डोळे मिटत होत्या. “जरा मीठ वाढीव हवं. पोरीला तसंच आवडतं.” मला हेच कळत नव्हतं. जे लपवायचंय, ते माणूस इतक्या मायेनं करतं कसं?

लग्नाच्या सकाळी मामांनी, म्हणजे आत्यांच्या यजमानांनी, टेम्पोतून थंड्याच्या पेट्या उतरवल्या. मोठाल्या प्लास्टिकच्या बाटल्या, वर बर्फाची लादी. माझं डोकंच फिरलं.

“मामा, ठरलं हुतं की आपलं!”

“तुझं ठरलं हुतं. पाहुण्यांचं कुठं ठरलं हुतं?”

“आन् ते पातेलंभर पन्हं?”

“वाजंत्र्यांना दे, आचाऱ्याला दे. ती बी माणसंच हायेत. तूच लिहितीस न्हवं, समदी सारखी म्हणून?”

माझीच पत्रकं माझ्याच तोंडावर. टेम्पोवाला फिदीफिदी हसला.

मग पुढच्या दारी थंडा आणि मागच्या दारी पन्हं, अशी वाटणी झाली. मागं वाजंत्री ग्लासावर ग्लास मागत होते. पुढं पाहुणे दोन घोट घेऊन ग्लास खुर्चीखाली ठेवत होते, आणि त्यात मुंग्या जात होत्या. हे मी एकटीच बघत होते का? की बघायचंच नाही, असं सगळ्यांनी ठरवलं होतं?

अक्षता पडल्या. विहीणबाई, म्हणजे नवरदेवाची आई, आतल्या खोलीत पंख्याखाली येऊन बसल्या. समोरच्या थंड्याचा फेस केव्हाच बसला होता. त्यांनी पदरानं मान पुसली, नाकानं हवा ओढली.

“विहीणबाई, कैरी भाजल्याचा वास येतोय. पन्हं केलंय व्हय?”

आत्यांचा चेहरा खर्रकन उतरला. विहिणीचं बोलणं सरळ घ्यायची आमच्याकडं रीतच नाही. ती “ऊन लई हाय” म्हणाली, तर तिनं मांडवाला नाव ठेवलं. पन्ह्याचं विचारलं, म्हणजे थंडा परवडला नाही का, असंच विचारलं.

“छे वो! पन्हं कशापायी? थंड्याच्या पेट्याच्या पेट्या आणल्यात. घ्या की, लाजू नका.”

आत्यांनी ग्लास पुढं सरकवला. विहीणबाईंनी काढा प्यावा तसा एक घोट घेतला. एकीला पन्हं हवंय, दुसरीकडं पातेलंभर आहे, आणि दोघी त्या गोड पाण्याकडं बघत बसल्यात! मला राहवलं नाही.

“हाय की पन्हं,” मी दारातून म्हणलं. “मागं वाजंत्री पितेत.”

आत्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी भिंतीला टेकले.

विहीणबाईंनी ग्लास खाली ठेवला. “म्हंजी वाजंत्र्यांना पन्हं, आन् आमाला हे फुगलेलं पाणी? आमी परकेच की मग.”

झालं! लपवलं ते मानापायी, आणि मान गेला तो लपवण्यापायी. मी पळत जाऊन तांब्याभर पन्हं आणलं. विहीणबाईंनी दोन ग्लास घेतले, पण तोंड फुगलेलंच. आत्या पदराचं टोक पिळत उभ्या. खोलीतल्या बायका छताकडं बघायला लागल्या. शेवटी विहीणबाई ओठ पुसत म्हणाल्या, “आता उरलाय तेवढा गर आमच्या गाडीत घाला. सुनंबरोबर मीबी पिईन.” आणि हसल्या. आत्यांच्या हातातलं पदराचं टोक तेव्हा सुटलं.

पण गर न्यायचा कशात? बरण्यांमध्ये लोणचं. मी किटली काढली, तर आत्या म्हणाल्या, “किटली देऊन पोर पाठवू व्हय? लोकं काय म्हणतील?” त्यांनी थंड्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, धुतल्या, बाजेवर उन्हात उपड्या घातल्या, कारण आत थेंब राहिला तर गर फसफसतो. मग नरसाळ्यानं गर भरला, झाकणं पिळली, आणि सगळ्या बाटल्या त्याच पेटीत उभ्या केल्या. लेबलं बाहेरच्या बाजूनं.

“अवो आत्या, लेबल तरी फाडू द्या.”

“हात लावू नको. गाव बघतंय.”

पाठवणीला पेटी गाडीत चढली. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, “पोरीसंगं थंड्याची आख्खी पेटी दिली बघ. लई केलं माऊलीनं.”

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात गाडीच्या काचेतून विहीणबाईंनी आत्यांचा हात धरला, आणि आत्या त्या दिवसात पहिल्यांदा मोकळं रडल्या. मी तोंड मिटलं, आणि मागच्या दारी जाऊन वाजंत्र्यांचे ग्लास आदळत विसळायला लागले.