काजळीशिवाय कानस

आत्याच्या दुकानात कामाच्या टेबलावर कोपर टेकवायचं नाही, हा नियम भिंतीवर कुठेही लिहिलेला नव्हता, आणि जे भिंतीवर लिहिलेलं नसतं ते मला आयुष्यात कधी वेळेवर कळलेलं नाही. त्या दुपारी ऑफिसातून डबा घेऊन मी तिच्याकडे जेवायला गेलो, ऐसपैस बसलो, कोपर टेकवलं आणि टेबलावरची फळी उलटली. त्या फळीला ओळीनं भोकं पाडलेली होती आणि भोकाभोकांत एकेक स्क्रू उभा होता. खोलून ठेवलेल्या तीन बंदुकांचे मिळून एकतीस स्क्रू टणटणत फरशीवर पांगले.

"स्क्रूच आहेत ना, देतो वेचून," मी म्हणालो.

"हलू नकोस! पाऊल उचललंस तर तंगडी काढून हातात देईन."

'स्क्रूच आहेत' हे म्हणणं म्हणजे जुळ्यांच्या आईला 'दोघं सारखेच की हो' म्हणण्यातला प्रकार होता. बंदुकीचा प्रत्येक स्क्रू त्याच्या भोकासाठी हातानं बसवलेला असतो. पूर्ण आवळला की त्याच्या डोक्यावरची खाच नळीच्या रेषेत सरळ यायला हवी. शेजारच्या भोकात घातला तर ती तिरळी बघते. आत्यानं लोहचुंबकानं सगळे गोळा केले, बुटक्या स्टुलावर बसली आणि एकेक स्क्रू चिमटीत फिरवून जागेवर ठेवायला लागली. वय सत्तरीपार, चष्मा कपाळावर, काम बोटांनी चाललेलं. मला जागचं हलायची परवानगी नव्हती. तिचं तोंड मोकळं होतं आणि माझे कान.

त्या दुपारी तिनं जे सांगितलं, ते आमच्या घरात तोवर कुणीच मला सांगितलेलं नव्हतं.

दुकान आजोबांचं. मुख्य रस्त्यामागच्या गल्लीत, एका बाजूला घड्याळवाला, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला, मध्ये हे आठ बाय बाराचं. पुढे काउंटर, मागे लोखंड पकडून धरणारा शेगडा बसवलेलं टेबल, खिडकीशी अक्रोडाच्या लाकडाचे दस्ते आणि सगळ्यावर जवसाच्या तेलाचा वास. आजोबांना दोन मुलं. मुलगा, म्हणजे माझे वडील, टाचणी पडली तरी दचकत. बंदूक दिसली की आधी कानात बोटं. राहिली मुलगी. ती कॉलेज संपवून घरी बसली होती आणि घरात बसणं तिला मुळीच जमत नव्हतं. घरातल्या कड्या, कुलपं, शिलाई मशीन, सगळं तिनं खोललं. शेवटी आजी म्हणाली, "हिला दुकानात न्या, नाहीतर उद्या ही मला खोलेल."

आजोबांनी तिला लोखंडाचा एक ठोकळा दिला, एक कानस दिली आणि सांगितलं, "सहाही बाजू सपाट आणि काटकोनात कर."

ती एक बाजू सपाट करी, तर दुसरी कलंडे. आजोबा ठोकळा खिडकीसमोर धरत, पट्टीखालून उजेडाची फट दिसली की परत देत. चार महिन्यांनी विटेएवढ्या ठोकळ्याचा फासा झाला, तेव्हा उजेड अडला.

"जमलं?" तिनं विचारलं.

"लोखंड संपलं," आजोबा म्हणाले आणि त्यांनी दुसरा ठोकळा दिला.

अशी सहा वर्षं गेली. ती दस्ते घासायला शिकली, चापाचे स्प्रिंग बसवायला शिकली, आणि गिऱ्हाईक कितीही शपथेवर सांगो की बंदूक रिकामी आहे, ती आधी उघडून बघायची, हेही शिकली. पण दुनळीचा सांधा आजोबा तिला हात लावू देत नसत. दुनळी बंदूक मधोमध मोडून उघडते. मिटली की नळ्या मागच्या लोखंडाला अशा चिकटायला हव्यात, की मध्ये धरलेला पतंगाचा कागद ओढला तर फाटावा, पण निसटू नये. नेम धरताना गाल दस्त्याला टेकलेला असतो; फट राहिली तर उडवताना धग मागे येते, थेट तोंडावर. म्हणून तिथं अंदाजाला जागा नाही. दिव्याची काजळी सांध्यावर धरायची, बंदूक मिटायची, उघडायची, काजळी जिथे पुसली गेली असेल तिथेच कानशीचा एक हात मारायचा. मग पुन्हा काजळी. दिवसभरात शंभर वेळा. आजोबांचं त्यावर एकच शास्त्र होतं: काजळीशिवाय कानस नाही.

मग आजोबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. त्याच आठवड्यात कर्नलची दुनळी आली, सांधा ढिला झालेली. हे कर्नल कधी सैन्यात नव्हते. पोस्टात होते. बढती फक्त मिशांना मिळाली होती. रविवारी त्यांच्या क्लबात मातीच्या तबकड्या उडवायची स्पर्धा होती आणि गेली तीन वर्षं ते दुसरे येत होते. आजोबांनी सांध्यात नवा लोखंडी तुकडा बसवून दिला आणि इस्पितळात जाताना तिला म्हणाले, "घासून बसवायचं काम तुझं. ही बंदूक नीट बाहेर पडली तर दुकान तुझं. नाहीतर हत्यारं कुलूपवाल्याला देऊन टाकतो. तो कधीचा मागतोय."

तीन दिवस तिनं काजळी आणि कानस केली. नाक, कपाळ, पदर, सगळं काळं. शनिवारी दुपारी बंदूक मिटता मिटता केसभर अडत होती. एक हात मारायचा बाकी. तिनं तो मारला, आणि तेवढ्यात काउंटरवर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं.

"दुकानदार नाहीत का?"

"मीच आहे. बोला."

"तुम्ही? अहो बाई, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! खरा दुकानदार कधी येईल ते सांगा."

त्यावर आपण काय बोललो ते आत्यानं मला सांगितलं नाही. एवढंच कळलं की ते गिऱ्हाईक छत्री विसरून गेलं. पण बोलताना हात थांबला नव्हता. कानशीचा दुसरा हात बसला होता, काजळीशिवाय.

तिनं बंदूक मिटली. लोण्यासारखी मिटली. इतकी सहज मिटायला नको होती. पतंगाचा कागद घालून ओढला, तर आख्खाच्या आख्खा हातात आला. घासलेलं लोखंड काही परत चिकटवता येत नाही.

आता खरं सांगावं तर हत्यारं कुलूपवाल्याची. मग संध्याकाळी तिनं ते केलं, जे या धंद्यातला प्रत्येक जण ऐकून असतो आणि कुणी करतो असं म्हणत नाही. पितळेचा पातळ पत्रा कापला, सांध्याखाली सरकवला. कागद फाटला. निसटला नाही. बाहेरून देवालाही कळलं नसतं. पंचवीस-तीस बार टिकला असता, मग पत्रा चेपला असता.

रविवारी सकाळी कर्नल टोपी घालून हजर. बंदूक उघडली, मिटली, 'खट्' आवाज ऐकला. मिशा दोन्हीकडे फुलल्या.

"वा पोरी! तुझ्या बापालाही असं जमलं नसतं."

ते पायरी उतरले. चार पावलं गेले. आणि आत्या काउंटर ओलांडून त्यांच्यामागे धावली.

"कर्नलसाहेब, बंदूक द्या परत."

"का गं?"

"खोटी आहे. आत पत्रा घातलाय मी."

"अगं, तासाभरात माझी स्पर्धा आहे!"

"असू दे. द्या."

भर गल्लीत एक बाई आणि एक मिशीवाला एकाच बंदुकीला धरून ओढताहेत, हे पाहून घड्याळवाल्यानं शटर खाली ओढलं. कर्नल बंदुकीविना गेले, ते थेट इस्पितळात. डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेल्या आजोबांना त्यांनी झाला प्रकार अर्धा तास उभ्यानं ऐकवला. शेजारचे दोन पेशंट उठून बसले म्हणे.

आठ दिवसांनी आजोबा दुकानात आले. पट्टी अजून होतीच. खुर्चीत बसले, बंदूक मांडीवर घेतली, सांध्यावर अंगठा फिरवला.

"पत्रा कुठाय?"

तिनं पुडीत जपून ठेवलेला पत्रा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो चाचपला.

"कापलायस मात्र सरळ," ते म्हणाले. "आता तो तुकडा काढ. नवा बसव. या वेळी तोही तूच बसव. मी बघणार नाही."

"तुम्हाला दिसतच नाहीये, अप्पा."

"म्हणूनच बघणार नाही."

तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत कुणीही येऊन काहीही विचारलं, तरी कानस खाली ठेवल्याशिवाय ती तोंड उघडत नसे. शेवटी आजोबांनी स्वतः कागद घातला आणि ओढला. कागदाचा अर्धा तुकडा हातात आला. "हं," ते म्हणाले. सहा वर्षांतलं हे सगळ्यात मोठं कौतुक. दुसऱ्या दिवशी पाटी रंगवणारा आला. 'आणि कन्या' लिहायचं म्हटल्यावर तो तासभर हटून बसला. 'आणि पुत्र' हवं तितकं रंगवतो म्हणाला, पण कन्या आजवर कुणी रंगवून मागितलेली नाही, अक्षरं बसणार नाहीत. आत्यानं जागा मोजून दाखवली. बसली.

कर्नल पुढल्या वर्षी पुन्हा दुसरेच आले. पण त्यांनी बंदूक दुसऱ्या कुणाला कधी दाखवली नाही. दर वेळी नेताना मिशीतून विचारत, "खोटी नाही ना?"

एकतिसावा स्क्रू भोकात बसला. ती ते दिवस सांगत होती तेव्हा दुकानात कर्नल होते, अप्पा होते, अर्धी गल्ली होती. आता आम्ही दोघंच होतो आणि माझा गार झालेला डबा. पण मला राहवेना.

"आत्या, पण तेव्हा गप्प बसली असतीस तर दुकान त्याच दिवशी तुझं झालं असतं. कुणाला कळणार होतं?"

तिनं कपाळावरचा चष्मा खाली घेऊन माझ्याकडे नीट पाहिलं.

"आणि त्या बंदुकीला गाल कुणाचा टेकणार होता रे, तुझा?"