मोटेलबाहेर राहिलेले बूट

माझे वडील आमच्या नव्या गाडीत बसताना बूट काढतात. देवळाबाहेर काढावेत तसे, शेजारी शेजारी जोडून. मग आत बसतात, वाकून बूट उचलतात आणि पायाशी ठेवलेल्या पिशवीत घालतात. याला कारण मीच. या खेपेला ते टेक्ससमध्ये फ्रिस्कोला आमच्याकडे आले त्याच आठवड्यात आम्ही गाडी घेतली होती. एकदा ते चिखलातून फिरून आले आणि मी बोलून गेले, "बाबा, जरा बूट झटकून बसा हं." बाबांना अर्धवट काही करता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बूट काढायलाच सुरुवात केली. मी नको म्हटलं, लेकीने सांगून पाहिलं, नवऱ्याने अक्षरशः हात जोडले. शेवटी आम्ही नाद सोडला.

बाबांनी साताऱ्यात एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. मीही त्यांच्याच वर्गात होते आणि तिथे मला त्यांना सर म्हणावं लागायचं. वाळवंट हा त्यांचा हातखंडा विषय होता, पण वाळवंट त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आधीच्या दोन खेपांना आम्ही त्यांना देवळं, मॉल आणि मित्रमंडळींची नवी घरं दाखवली. त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि कधी काही मागितलंही नाही. यंदा मात्र परतीच्या गुरुवारच्या विमानाला थोडे दिवस उरले असताना ते जेवता जेवता म्हणाले की वाळूची एक टेकडी बघायची आहे. खालून नाही, वर चढून. पुढच्या वेळी एवढा प्रवास झेपणार नाही, हेही त्यांनी सहज सांगून टाकलं.

नवरा ऑन-कॉल होता. म्हणून शनिवारी मी, बाबा आणि बारा वर्षांची लेक असे तिघेच पश्चिम टेक्ससकडे निघालो. वाटेत एका गावातल्या मोटेलमध्ये मुक्काम केला. तिथून वाळूच्या टेकड्यांचं स्टेट पार्क दीड तासावर होतं. रविवारी सकाळी मला निघायची घाई होती, कारण वाळू तापायच्या आत पोचायचं होतं आणि त्याच दिवशी घरीही परतायचं होतं. बाबा दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले. मी गाडी मागे घेतली आणि ते सवयीप्रमाणे खिडकीतून "येऊ दे, येऊ दे" करत राहिले. रस्ताभर त्यांनी आम्हाला पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवला. लेक "ओके, आजोबा" म्हणत होती आणि हेडफोन काढत नव्हती.

पार्कात पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. समोर पिवळ्या वाळूच्या टेकड्याच टेकड्या होत्या. मी आणि लेक उतरलो, बाबा उतरेनात. ते सीटखाली हात घालून चाचपडत होते. मग शांतपणे म्हणाले, "बूट दिसत नाहीत."

मी मोटेलला फोन लावला. काउंटरवरच्या बाईंनी बाहेर जाऊन पाहिलं. हो, एका रिकाम्या पार्किंगच्या बरोबर मधोमध काळ्या बुटांचा जोड नीट जुळवून ठेवलेला होता. सकाळपासून त्या जागेवर कुणी गाडी लावली नव्हती. तिथे कुणाचं काही बरंवाईट झालं आहे असं लोकांना वाटत होतं, असं त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

जाऊन यायचं म्हणजे तीन तास, आणि तोवर भर दुपार. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "बाबा, बूट काढायला सांगितलं कुणी होतं तुम्हाला?"

"तू," बाबा म्हणाले.

मग म्हणाले की जाऊ दे, इथूनही दिसतंय की. मला स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली. दोन दिवस गाडी हाकून मी त्यांना टेकडीच्या पायथ्याशी आणून काचेआड बसवलं होतं.

पहिला प्रयोग मोज्यांचा झाला. दोन जोड एकावर एक चढवून बाबा वाळूत उतरले, दहा पावलं गेले आणि रिटायर झाल्यापासून कधी दाखवला नव्हता इतक्या वेगाने परत आले. मग लेकीने डोकं लढवलं. पार्कच्या ऑफिसात वाळूवरून घसरायला प्लास्टिकच्या थाळ्या भाड्याने मिळतात, त्या तीन आणल्या. बाबांनी एकीवर उभं राहायचं, आम्ही पुढे दुसरी टाकायची, मागची उचलून तिच्यापुढे न्यायची. आयुष्यात सासऱ्यांसाठीसुद्धा मी कधी पायघड्या घातल्या नव्हत्या, त्या इथे घातल्या. बाबाही वरपित्याच्या तोऱ्यात एकेक पाऊल टाकत होते. एक अमेरिकन कुटुंब थांबून आदराने बघत होतं. त्यातल्या गृहस्थांनी हा काही धार्मिक विधी आहे का असं विचारलं. मी हो म्हटलं, समजावत बसायला वेळ नव्हता.

सपाटीवर हे छान जमलं. चढ लागल्याबरोबर थाळी तिच्या मूळ कामाला लागली. बाबा तिच्यावर मांडी घातल्यासारखे बसले आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता खाली आले. लागलं काही नाही, पण आमचा उपाय तिथेच संपला.

तेव्हा मी माझे बूट काढले. बाबांचा पाय लहान आहे आणि माझा, आईच्या भाषेत, बापावर गेलाय. जांभळे बूट, गुलाबी नाड्या. बाबांनी एकदा चौफेर पाहिलं, टेक्ससमध्ये आपला एखादा विद्यार्थी निघायचा या भीतीने असावं. मग घातले, आणि नातीचा हात धरून चढायला लागले. मी पिकनिकच्या शेडमध्ये बाकावर अनवाणी बसून राहिले. मलाही वर जायचं होतं, आणि पाच मिनिटं मी मनातून चांगली धुसफुसत होते.

वर पोचल्यावर बाबांनी मूठभर वाळू हवेत उधळली. ती कुठे उडते ते बघितलं. पुन्हा उधळली, पुन्हा बघितलं. हाताने हवेत काहीतरी काढलं. मग नुसतेच उभे राहिले, इतका वेळ की मी उन्हाच्या काळजीने हाका मारायला लागले. त्यांना ऐकू जात नव्हतं.

बाबा खाली येऊन बाकावर टेकले. मी पाणी दिलं. लेक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, आजोबा सेज ही मेड अ मिस्टेक."

"चंद्रकोरीसारखी टेकडी असते ना, बारखाण," बाबा म्हणाले. "तिची टोकं वारा जातो तिकडे असतात. मी फळ्यावर वारा येतो तिकडे काढायचो. एकतीस वर्षं."

पुस्तकात आकृती असेल ना, मी विचारलं.

"होती. बरोबर होती. मी मुलांना सांगायचो, छापताना उलटी झालीय."

आम्ही दोघी हसत सुटलो. बाबाही हसले. रिटायर झाल्यावर शंका यायला लागली होती, पण दुसरं पुस्तक उघडून बघायचा धीर होत नव्हता, असं ते म्हणाले. आणि मग त्यांचं हसू ओसरलं.

"नववीच्या सहामाहीला तू पुस्तकातल्यासारखी काढली होतीस. मी दोन मार्क कापले. शिवाय वर्गात उभं केलं, सरांच्या मुलीला एवढंही येत नाही म्हणून."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं.

"तुझं बरोबर होतं," बाबा म्हणाले.

ते बाकावरून वाकले आणि शेडमध्ये उडून आलेल्या वाळूत बोटाने एक चंद्रकोर काढली, सुलट टोकांची. शेजारी बरोबरची खूण केली, दोनचा आकडा लिहिला, आणि मार्कांत बदल केला की सही लागते म्हणून त्याखाली सहीसुद्धा केली.