मामांच्या पायाची गोळी

"घ्या की, मी एकटा खाऊन काय करू?" असं म्हणत मामा स्वतः घास घ्यायच्या आधी भाकरी वाटायचे. जालन्याच्या एमआयडीसीत, एका बियाण्याच्या कंपनीत आम्ही बरोबर काम करायचो; सगळेच त्यांना मामा म्हणायचे. तुमच्याही कामावर असा एखादा असेल, ज्याच्या डब्यातलं त्यालाच सगळ्यात कमी मिळतं.

गेटपासून गोदामापर्यंत मामा तीनदा थांबायचे आणि थांबले की भेटेल त्याच्याशी गप्पा मारायचे. आम्हाला वाटायचं, माणूस बोलका आहे. खरं म्हणजे पोटरी इतकी दुखायची की पुढचं पाऊल उचलत नव्हतं. शेवटी मीच त्यांना गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. मांडीतली रक्ताची नळी तुंबली होती. संभाजीनगरला स्टेंट टाकला. डॉक्टरांनी बजावलं, रक्त पातळ करायची गोळी रोज घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही. आणि बिडी बंद.

इतक्या वर्षांची बिडी त्यांनी त्याच दिवशी सोडली. महिन्याभरात राजूरच्या गणपतीच्या पायऱ्या न थांबता चढून आले. "पाय बिलकुल नवा झाला!" असं ज्याला त्याला सांगत सुटले.

आणि इथंच माझं डोकं फिरतं. पोती शिवायच्या मशीनवरच्या बाईंचा गुडघा दुखला की मामा खिशातून गोळ्यांचं पाकीट काढायचे. "घ्या, माझा पाय ह्याच्यानंच चालून राह्यलाय." ड्रायव्हरची कंबर दुखली, तरी तीच गोळी. अहो, ते काय शेंगदाणे होते वाटायला? पाकीट महिन्याच्या आधीच संपायचं आणि मग मामा तसेच बिनगोळीचे. माझी टाच दुखत होती तेव्हा मीही दोन गिळल्या. वर म्हणालो, "मामा, फरक पडला बरं का!" शिकलेला माणूस मी, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही.

दिवाळीनंतर पाय पुन्हा दुखायला लागला, गार पडला, अंगठा काळा झाला. पुन्हा मीच घेऊन गेलो. स्टेंट तुंबला होता.

"गोळी रोज घेत होतात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

मामांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "बराबर घेत होतो साहेब. एक बी चुकली न्हाई."

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

पाय वाचला नाही, गुडघ्याखालून काढावा लागला. मामा आता गावीच असतात. मागच्या रविवारी गेलो होतो. अंगणात बाजेवर बसले होते. न राहवून विचारलं, "खोटं का बोललात?"

"मंग तुमचं सगळ्यांचं नाव आलं असतं."

"येऊ द्यायचं होतं की!" मी ओरडलोच. मामी घाबरून बाहेर आल्या.

"तुम्ही बी तिथंच होते," एवढं मामा म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत.