अभनपुरची वरची ओळ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. देवापुढे बसूनसुद्धा नाही. चौथीपर्यंतच शिकले, लिहिताना चुका होतील — पण तुम्ही वाचून घ्या.

नलूताई माझी मोठी नणंद. छत्तीसगढी गाणी गायची. आधी कॅसेट, मग सीडी, मग मोबाईल — बावीस वर्षं तिची गाणी निघत राहिली. रायपुरात कोणत्या वरातीत ती वाजली नाहीत? कव्हरवर तिचा फोटो असायचा, खाली बारीक अक्षरात ‘और साथी’. ते साथी म्हणजे मी एकटी.

ताईचा आवाज वर चढत नव्हता. माझा चढायचा. म्हणून स्टुडिओत ती सगळं गाणं गायची आणि अंतऱ्याची वरची ओळ तेवढी मी, तिच्यासारखा आवाज काढून. मशीनवर जोडलं की कोणाला कळायचं नाही. मला लोकांसमोर उभं राहायची भीती, मला ते बरंच होतं. खरंच बरं होतं का — आता सांगता येत नाही.

रायपुरजवळच अभनपुर आहे, तिथल्या मेळ्यात दुपारी तिचा कार्यक्रम होता. तिथंही तसंच ठरलं, ती समोर, मी पडद्यामागे माईक घेऊन. सुरू व्हायच्या आधी कोणीतरी विचारलं, ही कोण? ताई हसून म्हणाली, "हे आमची शोभा. जेवनाचा डब्बा सांभाळते."

सगळे हसले. मीही हसले. एवढंच. एवढ्यासाठी कोणी असं करतं?

वरची ओळ आली. माईक तोंडाजवळ होता. मला सगळे लाजरी म्हणतात — पण ती लाज नव्हती, भीतीही नव्हती. मी ठरवून ओठ मिटले. पडद्याच्या फटीतून ताई दिसत होती. तोंड उघडं, हात वर, आणि आवाज नाही. मग तिनं स्वतःच सूर ओढून पाहिला. आवाज चिरकला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या अंतऱ्याला तरी मला गाता आलं असतं. तेव्हाही नाही गायले.

परतताना गाडीत तिनं विचारलं, "काय झालं वं, शोभा?"

मी घोगरा आवाज काढला. गळा बसला म्हटलं. चार दिवस तशीच बोलत राहिले. चारही दिवस ती माझ्यासाठी मुलेठीचा, म्हणजे ज्येष्ठमधाचा, काढा घेऊन आली, आणि उलट मलाच समजावत होती — "मायंच चुकलं. तुले आराम द्याले पाहिजे होता."

त्यानंतर स्टुडिओतून दोनदा बोलावणं आलं. तिनं नाही म्हणून सांगितलं. शोभाच्या गळ्याला आता त्रास नको, म्हणाली. पुन्हा तिनं एकही गाणं रेकॉर्ड केलं नाही.

नऊ वर्षं झाली. थंडी पडली की ती अजून काढा आणते. गुडघे दुखतात, तरी आमचा जिना चढते. मी पिईपर्यंत समोर बसते. कालही बसली होती. ‘आज सांगायचंच,’ असं मी काल सकाळपासून घोकत होते.

"गरम हाय," ती म्हणाली. "हळूहळू पे."

मी प्यायले.