काचेवरची तारीख

आमच्या गाडीच्या पुढच्या काचेवर, कोपऱ्यात, विमा कंपनीचं स्टिकर असायचं. त्यावर ठळक अक्षरांत विम्याची शेवटची तारीख. ओमानमध्ये, अल् घुब्रातल्या आमच्या बिल्डिंगखाली गाडी सुरू करताना माझी नजर आपसूक तिकडे जायची. शेजारच्या भाभींचीही जायची. भाभी रत्नागिरीकडच्या, नर्स. त्यांची सकाळची ड्युटी, म्हणून त्यांची मुलगी चार वर्षं माझ्या मुलीबरोबर माझ्याच गाडीतून शाळेत जात होती. तारीख जवळ आली की भाभी काचेवर बोट ठेवायच्या, "वहिनी, भाईंना आठवण करा हां."

मग स्टिकर बंद झालं. विमा मोबाइलमध्ये गेला, गाडीचं कार्डही, ज्याला इथे मुल्किया म्हणतात, मोबाइलमध्ये गेलं. कोणाच्या? नवऱ्याच्या. गाडी त्याच्या नावावर, म्हणून ॲप त्याचं आणि ओटीपीही त्यालाच. तो महिन्यातले पंधरा दिवस वाळवंटातल्या प्लांटवर, जिथे मोबाइल गेटवरच जमा करून घेतात. गाडी रोज चालवते मी! "मला पीडीएफ पाठवून ठेव," असं मी दोनदा सांगितलं. "पाठवतो गं, पळून चाललीय का ती?" हे त्याचं उत्तर.

गेल्या महिन्यात शाळेजवळच्या राउंडअबाउटवर माझी गाडी आणि एक पिकअप एकमेकींना घासल्या. चूक कोणाची, ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. पिकअपवाले ओमानी गृहस्थ सभ्य होते. त्यांनी स्वतःचा फोन पुढे करून विमा दाखवला आणि विचारलं, "तामीन, सिस्टर? इन्शुरन्स?"

माझ्याकडे दाखवायला काय होतं? काचेवर राहिलेला गोंदाचा डाग. नवऱ्याला नऊ फोन केले, एकही उचलला गेला नाही. मागच्या सीटवरून माझी मुलगी म्हणाली, "मम्मा, आपण पोलीसकडे जाणार?" तेवढ्यात भाभींचा फोन आला. मागे बसलेल्या त्यांच्या मुलीने त्यांना मेसेज केला होता.

"कुणाला लागलं नाही ना? आणि वहिनी, इन्शुरन्स चालू आहे ना?"

"माहीत नाही हो," मी म्हणाले. खरं तेच होतं.

पोलीस आला. नंबर प्लेट बघून त्याने हातातल्या मशीनवर बोट फिरवलं. "तामीन मौजूद. खलास." दोन मिनिटंही लागली नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माझा विमा पोलिसाला दिसतो, कंपनीला दिसतो, वाळवंटात बसलेल्या नवऱ्याला दिसतो. स्टिअरिंग जिच्या हातात, त्या बाईलाच तेवढा दिसायचा नाही!

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाला, "होताच की विमा. उगाच घाबरलीस."

नऊ मिस्ड कॉल बघून हा माणूस हे म्हणतो! मी त्याला जे बोलले, ते लग्नानंतरच्या अठरा वर्षांत कधी बोलले नव्हते. पुढच्या पाच मिनिटांत पीडीएफ आली. पाच मिनिटांचं काम, आणि त्यासाठी मी भर रस्त्यात चोरासारखी उभी होते.

तशीच उठून भाभींकडे गेले. त्यांनी बसवलं, चहा टाकला. माझ्या फोनवरची तारीख नीट वाचली आणि फोन परत माझ्या हातात दिला.

"विमा होता, ते कळलं वहिनी," त्या हळूच म्हणाल्या. "पण तुम्हाला माहीत नव्हतं ना."

त्यांची मुलगी आता स्कूलबसने जाते.